पंचावन्नपैकी पंचावन्न

माणसाचं सुख मोजता येत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. संतांनी सांगितलं, तत्त्वज्ञांनी सांगितलं, आणि उरलेल्यांनी रिक्षाच्या मागे रंगवून घेतलं. कामोठ्यात मात्र ते मोजून मिळतं. जिमच्या वरचा मजला, लिफ्टची सोय, रविवारी मोजणी बंद.

त्या मजल्यावर 'अल्पविराम' नावाचं केंद्र आहे. ज्यांची स्मृती गेली, आणि ज्यांच्या घरच्यांचा धीर स्मृतीच्याही आधी गेला, अशा म्हाताऱ्यांची तिथे निगा राखतात. नाव संचालिका डॉ. वैजयंती यांनी ठेवलं. तिथून आजवर कोणी परत वाक्यात आलेलं नाही, पण नाव चांगलं आहे.

दिवाळे गावच्या रूपेश कोळ्याने आपल्या आईला, पुतळाबाईंना, तिथे ठेवलं होतं. रूपेशच्या बापाची होडी होती. रूपेशची कामोठ्यात भाड्याने दिलेली बिल्डिंग होती आणि गावात चार मजली बंगला. बंगल्याचं नाव 'सागरकृपा'. सागरावर तो वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला जायचा, फोटोग्राफरला घेऊन. आईला कामोठ्याला का ठेवलं, असं कोणी विचारलं तर तो 'ट्रीटमेंट' एवढंच म्हणायचा आणि विचारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात जड होता. पुढचा प्रश्न सहसा येत नसे.

पण रूपेशला नगरसेवक व्हायचं होतं, आणि इतक्या खांद्यांवर एकाच वेळी हात ठेवता येत नाही.

जेट्टीवर जाळी पसरून मासळी सुकवत बसलेल्या बायकांसमोरून तो गेला की राजाबाई हमखास आवाज द्यायची. पुतळाबाई आणि राजाबाई बेलापूरच्या बाजारात जन्मभर शेजारी बसून मासळी विकत आल्या होत्या.

"चार मजलं बांधलंस रं रूपेश, आयशीला टेकाला जागा नाय त्यात?"

"मावशी, ट्रीटमेंट चालू हाय."

"कसली ट्रीटमेंट? माज्या पुतळीला कोंडून घातलीस. मना तर घास गिलवत नाय."

घास गिळवत नसला तरी पुतळाबाईंनी बाजारात जायचं सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी राजाबाईने आपली पाटी पुतळाबाईंच्या मोक्याच्या जागेवर सरकवली होती. रिकामी ठेवली तर मांजरं बसतात, असं तिचं म्हणणं. कामोठ्याला मैत्रिणीला भेटायला ती एकदाही गेली नव्हती. "मना नाय बगवत," हे तिचं कारण, आणि ते सगळ्या गावाला पटलं होतं, कारण गावालाही बघवत नव्हतं.

खरा काटा होता जोतीराम. जोतीराम हा रूपेशचा चुलत चुलत भाऊ, म्हणजे शत्रू. त्यालाही तेच तिकीट हवं होतं. योग असा की त्याचा बाप, शिवाकाका, पुतळाबाईंसारखाच सगळं विसरून बसला होता. पण जोतीरामने बापाला घरात ठेवला होता. घरात म्हणजे ओटीवर, रस्त्याच्या बाजूला, दार सताड उघडं टाकून. मत देणारा कोणीही जाताना दिसला की जोतीराम आतून लगबगीने यायचा, बापाच्या उशाशी बसायचा आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवायचा. मतदार पुढे गेला की हात थांबायचा. बापाचं न्हाणंधुणं, भरवणं, रात्रीचं उठणं हे सगळं जोतीरामची बायको दुर्गाबाई करायची. तिचं कोणाला दिसत नसे, कारण ती कामं करताना दार लावून घ्यायची.

पक्षाच्या जिल्ह्याच्या साहेबांनी रूपेशला बोलावून घेतलं.

"रूपेश, तुझं सगळं ओके आहे. पैसा आहे, पोरं आहेत, आवाज आहे. पण ते आईचं मिटव."

"मिटवू म्हणजे साहेब?"

"अरे, तो जोतीराम स्टेजवर आई काढणार. जो आईला सांभाळत नाही तो वॉर्ड काय सांभाळणार, एवढं एक वाक्य बस. आई म्हटली की पब्लिक रडतं. मी पण रडतो." साहेबांनी डोळे पुसून दाखवले. "लोकांना दाखवायला काहीतरी आण. नाहीतर तिकीट जोतीरामला."

घरी आल्यावर रूपेशने बायकोपुढे विषय काढला. रंजिता सोफ्यावर मोबाईल बघत होती.

"आयला आनूया काय घरी?"

"आना की. करनार कोन?"

"बाई ठेवू."

"तीन बाया पलाल्या. तिसरी तर राहिलेला पगार न घेता पलाली."

"मग तू जरा…"

"मी जरा काय? बोला. पूर्न बोला."

आईला घरी आणायचा विचार चहा निवेपर्यंत टिकला, आणि चहा त्याने बशीत ओतला होता.

दुसऱ्या दिवशी तो 'अल्पविराम'मध्ये गेला आणि डॉ. वैजयंतींना म्हणाला, "मॅडम, आई सुखात आहे असं एका कागदावर लिहून द्या. शिक्का मारून."

डॉ. वैजयंतींना वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढला. वाईट वाटलं की त्या चष्मा काढत. "असं कसं लिहून देणार, रूपेशजी? सुख ही फार व्यक्तिनिष्ठ गोष्ट आहे. दुसऱ्याच्या मनात आपण कसं डोकावणार?"

रूपेश उठायला लागला.

"पण मोजून देता येतं," डॉक्टर म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा घातला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आजार या टप्प्याला पोचला की पेशंट स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाने उत्तरं द्यायची. गेल्या आठवड्यात आई कशा होत्या, हसल्या का, कण्हल्या का, जेवल्या का. त्यावरून जीवनमानाचा गुणांक निघतो. परदेशात सगळीकडे काढतात.

"जवळून ओळखणारा माणूस म्हणजे कोण?"

"म्हणजे तुम्ही."

रूपेश याआधी गणपतीत येऊन गेला होता. मोदक घेऊन. मोदक स्टाफने खाल्ले होते.

प्रश्न विचारायला अफशा आली. अफशा मानसशास्त्रात एम. ए. होती आणि या मापनासाठी वाशीच्या एका हॉटेलात दोन दिवस तिचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात दोन गोष्टी तिच्या पक्क्या लक्षात राहिल्या होत्या. एक म्हणजे पनीर. दुसरी अशी की उत्तर देणाऱ्यावर कसलाही प्रभाव पडू द्यायचा नाही, शब्दाने नाही आणि भुवईनेही नाही. तिच्या भुवया फार सुबक कोरलेल्या होत्या. त्या तिने पहिल्यापासून स्थिर ठेवल्या.

पुतळाबाई खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नजर कुठेच नव्हती. हात मात्र चालू होते. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट हवेतलं काहीतरी चिमटीत धरायचं, ओढायचं आणि डावीकडे भिरकावायचं. पुन्हा चिमूट, पुन्हा ओढ, पुन्हा डावीकडे.

"सर, अकरा विधानं आहेत," अफशा टॅब्लेट सरसावून म्हणाली. "प्रत्येकाला एक ते पाचमधला आकडा द्यायचा. सगळी विधानं त्रासाची आहेत, म्हणून एक म्हणजे उत्तम, आणि पाच म्हणजे…"

रूपेशचा फोन वाजला. गावात त्याच्या नावाने अंडरआर्म क्रिकेटची टूर्नामेंट होती आणि ट्रॉफीवाला लाइनवर होता. त्याने अफशाला हातानेच 'चालू ठेवा' अशी खूण केली. अफशाने चालू ठेवलं. फोनवरच्या माणसाला मध्येच थांबवायचं की नाही, हे वाशीला शिकवलं नव्हतं.

"चेहरा त्रासलेला दिसतो."

रूपेशने फोनवर बोलता बोलताच पाच बोटं वर केली.

"कण्हतात किंवा ओरडतात."

पाच बोटं.

"खाण्यात अजिबात रस घेत नाहीत."

"नाय रं, दुसऱ्या नंबरला पन मोठीच पायजे. पाच फुटी. हां, पाच." ही ट्रॉफीची उंची होती, पण अफशाने उत्तर नोंदवलं. पद्धतीत अर्थ लावायला जागा नव्हती.

"कोणी जवळ आलं तर दूर ढकलतात."

पाच बोटं.

रूपेशने उभ्या आयुष्यात कुठलाही पेपर पुरता वाचला नव्हता, पण मार्क जास्त असावेत एवढं त्याला कळत होतं. अफशाने मधेच एकदा विचारलं, "सर, नक्की?" त्यावर तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "एकदम टॉपचे द्या. आई आहे ती माजी."

मग पुतळाबाईंनी चिमटीतलं काहीतरी पुन्हा डावीकडे भिरकावलं, आणि खाटेच्या डाव्या अंगाला बसलेल्या रूपेशचा पाय आपोआप मागे सरकला.

तो फोनवर बोलायचा थांबला. पायाकडे बघितलं. जमिनीवर काही नव्हतं. लहानपणी ओटीवर आई सुपात कोलंबी घेऊन बसायची आणि टरफलं डावीकडे टाकायची. डावीकडे तो बसलेला असायचा. टरफल पायावर पडलं की चिकटायचं, त्याचा वास साबणानेही जात नसे. म्हणून पाय मागे घ्यायची सवय.

"आय कोलंबी सोलते," तो म्हणाला.

"काही म्हणालात, सर?"

"नाय, नाय. पुढचं घ्या." आणि फोनवर, "हां बोल. नाव कोरताना 'रूपेशदादा' मोठं ठेव, वर्ष बारीक चालेल."

"शेवटचं. हात सारखे चाळवतात, स्वस्थ नसतात."

पाच बोटं.

अकरा पाचे पंचावन्न. अफशा मनातून हरखली. टोकाचा आकडा प्रत्यक्षात कधीच येत नाही, असं वाशीला सांगितलं होतं. डॉ. वैजयंती तोवर परदेशी परिषदेला आणि जोडून सुट्टीवर निघून गेल्या होत्या, त्यामुळे प्रमाणपत्र संगणकानेच काढलं. कुटुंबाच्या हातात काहीतरी द्यावं, ही कल्पना डॉक्टरांचीच. वर केंद्राचं बोधचिन्ह, भोवती सोनेरी महिरप, मध्ये नाव आणि 'एकूण गुण : ५५ पैकी ५५'. 'गुणांक जितका कमी तितकं जीवनमान उत्तम' अशी एक तळटीप होती. ती महिरपीखाली गेली होती.

रूपेशच्या घराण्यात पैकीच्या पैकी आजवर कोणालाच मिळाले नव्हते. तो स्वतः दहावीला पस्तीस टक्क्यांच्या काठाकाठाने पैलतीरी लागला होता. त्याने प्रमाणपत्र रंजिताला दाखवलं.

"आईंना? पंचावन्न? त्या तर अंगठा लावायच्या."

"काय लोक म्हातारपनी खुलतात."

तिथून तो थेट बेलापूरला शादाबच्या दुकानात गेला. अर्ध्या नवी मुंबईचे वाढदिवस शादाबच्या कॉम्प्युटरवर साजरे होत असत. फ्लेक्सच्या धंद्यात त्याचे केस पांढरे झाले होते, त्याला कशाचंच नवल वाटत नसे.

"दादा, टेम्प्लेट कुठलं घेऊ? वाढदिवस, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली?"

"आई जिवंत हाय, शादाब."

"मग दहावीचं घेतो. 'घवघवीत यश' रेडी आहे, फक्त पोराचा फोटो काढून आईचा टाकायचा. फोटो द्या."

आईचा फोटो रूपेशकडे आधारकार्डावरचाच होता. त्यात पुतळाबाई पोलिसांनी नुकतंच पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या.

"जरा हसरी कर."

"हसू लावतो. कोणाचं लावू?"

"कोनाचं पन लाव. दात नको जास्त दाखवू, आईला नाहीत."

"आणि तुमचा फोटो?"

"तो मोठा. गॉगलवाला."

तिसऱ्या दिवशी किल्ले गावठाणच्या चौकात आणि गावाच्या तोंडाशी फ्लेक्स लागले. 'दिवाळे गावचा मान, मातोश्री श्रीमती पुतळाबाई कोळी यांनी जीवनमान परीक्षेत ५५ पैकी ५५ गुण मिळवून संपादन केलेल्या घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : रूपेशदादा कोळी मित्रमंडळ.' डाव्या कोपऱ्यात आधारकार्ड हसत होतं. बाकीच्या जागेत रूपेश होता.

परीक्षा कसली, ती कोण घेतं, असं गावात कोणी विचारलं नाही. पैकीच्या पैकी म्हटल्यावर विचारण्यासारखं काही उरत नाही. ज्या बायका रूपेशला टोमणे मारत होत्या त्या आता त्याला थांबवून 'अबिनंदन' म्हणू लागल्या. राजाबाईने तर बाजारात गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, "माजी मैतरीन ती. पयल्यापासून हुशार. मी तवाच बोललेली, पुतळीला सुखाचं दिवस येनार." घास आता गिळवत होता.

जोतीराम आठ दिवस गप्प बसला. मग त्याने भाड्याची गाडी केली, शिवाकाकांना कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि दुर्गाबाईला बरोबर घेऊन कामोठ्याला नेलं. घरच्या पेशंटांचंही मापन 'अल्पविराम' करून द्यायचं. जवळची व्यक्ती म्हणून दुर्गाबाई बसली. ती फोनवर नव्हती. तिला फोनच नव्हता. तिने अफशाचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचार करकरून उत्तरं दिली. खाण्यात म्हातारा रस घेत नाही का? घेतो, मासा असला तर. कण्हतो का? अंघोळीचं पाणी थंड असलं तर. माणसाला ढकलतो का? ह्यांना ढकलतो, मला नाही.

गुणांक आला चौदा.

"चवदा?" जोतीराम उभाच राहिला. "पंचावन्नात चवदा? म्हंजे नापास?"

अफशा म्हणाली, "काका, चौदा खूप छान आहे. खरंच. कमी म्हणजे चांगलं."

जोतीरामने तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिलं. पोराचा निकाल घ्यायला शाळेत गेलं की मास्तर असंच बोलायचे. मार्कांवर जाऊ नका, पोरगा मनाने चांगला आहे.

त्याने प्रमाणपत्र खिशात दडवलं, पण गाडीवाला गावातलाच होता. संध्याकाळपर्यंत शिवाकाकांचं नाव 'चवदा' पडलं. नाक्यावरची पोरं जोतीराम दिसला की आपसात मोठ्याने पाढे म्हणू लागली, आणि चौदावर अडखळायची. घरी येऊन जोतीरामने बायकोवर तोंड सोडलं. रात्रंदिवस घरात असतेस, करतेस काय, एका म्हाताऱ्याला पास करता येत नाही, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. दुर्गाबाई तेव्हा सासऱ्याचं अंग पुसत होती. तिने ओलं फडकं पिळलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"चवदा तर चवदा. आता म्होरलं मार्क तुमी आना," ती म्हणाली आणि माहेरी निघून गेली.

जोतीरामने दार लावून घेतलं. दिवाळ्यात ते दार दिवसभर बंद पहिल्यांदाच दिसलं. आठवड्याच्या आत तो साहेबांना सांगून आला, घरची अडचण आहे, तिकिटाचं माझं राहू द्या.

रूपेशचा विजय असा पुरा झाला. त्या संध्याकाळी डॉ. वैजयंती 'सागरकृपा'च्या दारात उभ्या राहिल्या. परिषदेहून परतताना किल्ले गावठाणच्या सिग्नलला त्यांची गाडी थांबली होती. आत येऊन त्यांनी चष्मा काढला.

"रूपेशजी, तुम्ही काय लावलंय ते!"

"आवडलं? तुमच्या केंद्राचं नाव पन टाकलंय खाली. फुकट."

"ते गुण उलटे आहेत."

"कसले उलटे?"

"जितके जास्त तितकी वाईट अवस्था. पंचावन्न म्हणजे माणूस जागेपणी प्रत्येक क्षण यातनेत आहे. इतका वाईट आकडा आजवर कुठल्याच केंद्रात आलेला नाही. तो आमच्या बोधचिन्हाखाली तुम्ही दहा बाय वीसवर छापलात."

रूपेशने पंखा वाढवला. "मग खाली आना की आकडा. तुमचाच हाय."

"नाही आणता येत. मापनवाल्यांच्या मुख्यालयाला गेलाय. एकदा अपलोड झालं की ती माहिती पवित्र असते."

"पहिल्यांदाच का नाय सांगितलं?"

"अफशाने सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात. आणि उत्तर देणाऱ्यावर प्रभाव टाकायचा नसतो."

"एक मिनिट." रूपेशच्या डोक्यात काहीतरी हळूहळू भरतीला आलं. "म्हंजे तो चवदावाला…"

"शिवाकाका? अप्रतिम. आमच्याकडे एकविसाच्या खाली कोणीच नाही. त्यांच्या सूनबाईंना बोलावून स्टाफला ट्रेनिंग द्यावं म्हणते."

"हे कोनाला बोललात?"

"अफशाने त्यांच्या मुलाला सांगितलं होतं. ऐकायलाच तयार नाही."

"मग परत नका सांगू. बिचाऱ्याला त्रास होतो."

खरं बाहेर आलं तर रूपेश आईला यातनेत ठेवून वर तिचं अभिनंदन करणारा ठरत होता, आणि 'अल्पविराम' देशातलं सगळ्यात दुःखी ठिकाण. एकमत व्हायला फार वेळ लागला नाही. फ्लेक्स तसाच राहील. केंद्राची कागदोपत्री सरासरी सुधारावी म्हणून पुतळाबाईंचं पुन्हा मापन होईल, या वेळी नातेवाइकांना न विचारता.

"आम्ही स्वतः आठवडाभर आईंकडे बघू," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हंजे आत्तापर्यंत बघत नव्हता?"

"बघत होतो. मोजत नव्हतो."

साहेबांनी फ्लेक्सचा फोटो बघितला आणि पुन्हा डोळे पुसले. "पंचावन्नपैकी पंचावन्न! असा पुत्र पाहिजे. माझ्या सासूचं पण काढून आण रे, आमच्या हिला बरं वाटेल. तिकीट तुझं. फक्त ती आरक्षणाची सोडत होऊ दे."

सोडत झाली. शाळेतल्या एका मुलीने काचेच्या भांड्यात हात घालून चिठ्ठी काढली. रूपेशची जागा महिलांसाठी राखीव झाली.

त्याने धावत घरी येऊन रंजिताला उभं राहायला सांगितलं. रंजिताने या वेळी मोबाईल खाली ठेवला.

"मी? अवो, तुमी पुरुष. तुमाला पंचावन्नात सोडलं. मी सून हाय. मना पाचशे मिलवून आनलं तरी लोक विचारनार, सासू कुठं हाय."

हे साहेबांनाही पटलं. तिकीट त्यांच्या मेहुणीला मिळालं. दिवाळे गाव तिला ठाऊक होतं, पापलेट तिथून यायचं.

पुढे आचारसंहिता लागली. पालिकेची माणसं शिडी घेऊन आली, गावाच्या तोंडाचा फ्लेक्स कापून काढला आणि गुंडाळी जेट्टीवर टाकून गेली. रूपेश तिथेच कठड्यावर बसला होता. सध्या त्याला बसायला बराच वेळ होता. मोबाईलवर डॉ. वैजयंतींचा मेसेज आला.

'नमस्कार रूपेशजी. मातोश्रींचं पुनर्मापन पूर्ण. गुणांक एकतीस, म्हणजे मध्यम. खाणं, झोप ठीक. हातांच्या निरर्थक चाळ्यामुळे मात्र चार गुण वाढलेत. औषधाने हात शांत करता येतील, मग गुणांक सत्तावीसवर येईल. संमती कळवावी.'

रूपेशने मेसेज दोनदा वाचला. मग टाइप केलं, 'मॅडम ते कोलंबी'. तिथे थांबला. कोलंबीचं पुढे काय लिहायचं, कशासाठी लिहायचं, आणि लिहून आता मिळणार काय, असे तीन प्रश्न त्याला एकामागून एक पडले. त्याने अक्षरं खोडली आणि अंगठा पाठवला.

"रं रूपेश," राजाबाई टोपली कमरेवर घेऊन उभी होती, "तो फलेक न्हेऊ काय? जवला सुकवाला. काल रेती लागली सगल्याला."

"न्या मावशी."

राजाबाईने गुंडाळी उलगडली, छापील बाजू वर आली तशीच पसरली आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

त्यावर दीड टोपली जवळा मावला.